टोकापाशी ठोकायचं नाही

अशी कल्पना करा, की तुम्ही पालथे झोपला आहात. खाली गादी नाही. समुद्रावर तरंगणारं एक मोठं गोल कडं आहे, सर्कशीच्या रिंगणाएवढं, आणि त्याच्याखाली खोल खोल गेलेलं जाळं: मासे पाळायचा पिंजरा. तुमची हनुवटी कड्याच्या काठावर टेकलेली आहे, नाक पाण्यापासून हातभर. शेजारी दहा वर्षांची तीरिल तशीच पालथी पडली आहे आणि तिच्या पलीकडे तिचे आजोबा, तोरगाइर. साठी उलटलेला दाढीवाला माणूस असा पोटावर पडलेला पाहून हसू येईल. पण हसू नका. इथे सध्या मोठ्यानं हसायचं नाही.

"दिसले?" तोरगाइर कुजबुजला.

"दिसले. पण ते काहीच करत नाहीयेत."

"तेच तर."

जाळ्यातले सॅमन मासे असे उभे राहत नाहीत. सगळे मिळून एकाच दिशेनं गोल फिरत राहतात, जणू मधे बसून कुणीतरी पाणी ढवळतंय. तोरगाइरनं ते फिरणं इतकी वर्षं पाहिलं होतं की डोळे मिटले तरी त्याला ते दिसायचं. आज मात्र काठाकाठानं मासे नुसते थांबले होते. येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून, दमलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहावीत तसे. शेपटी हलत होती, ती केवळ जागेवर राहण्यापुरती.

थोड्या वेळानं एक छोटी बोट आली. बोटीत रानवाइग होती, माशांची डॉक्टर. ती तोरगाइरच्या मुलीच्या, म्हणजे तीरिलच्या आईच्या वर्गात होती. त्यामुळे गावात सगळे तिला डॉक्टर म्हणत असले, तरी ती तोरगाइरला काकाच म्हणे. तिनं आदल्या रात्री मेलेला एक मासा फळीवर घेतला आणि सुरीनं त्याची छाती उघडली.

"तीरिल, हे काय आहे सांग बरं?"

"हृदय."

"कसं असायला हवं?"

"लाल. घट्ट."

"आणि हे?"

तीरिलनं नीट पाहिलं. बोराएवढं ते हृदय फिकट पडलं होतं आणि बोट लावल्यावर दबत होतं. "चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं," ती म्हणाली.

"माझ्या पुस्तकात इतकं चांगलं लिहिलेलं नाही," रानवाइग म्हणाली. मग तिनं माशाच्या कुशीत सुरी फिरवली. कातडीलगत लाल मांसाची एक पट्टी असते. त्या पट्टीच्या जोरावर मासा दिवसभर पोहतो. तीही फिकट होती. "हृदय म्हणजे शेवटी मांसाचाच एक गोळा. त्यालाही सूज आली आहे आणि या पट्टीलाही. म्हणून अंगात बळ नाही. आणि बळ लावायला गेलं तर हृदय पुरत नाही."

"औषध काय देतेस?" तोरगाइरनं विचारलं.

"औषध नाहीये, काका."

"म्हणजे महाग आहे?"

"म्हणजे नाहीच. कुणाकडेच नाही."

"बरं. मग मी काय करू?"

"काही करू नका."

तोरगाइर तिच्याकडे बघत राहिला.

"खरंच सांगते. जाळं उचलू नका, जाळं धुऊ नका. यांना दुसऱ्या पिंजऱ्यात हलवू नका. मोठी बोट जवळ येऊ देऊ नका. खाद्य द्यायचं ते थोडं, हळू. बऱ्याचशा माशांचं हृदय आपलं आपण सुधारतं, वेळ मिळाला तर. पण तोपर्यंत त्यांना दचकू द्यायचं नाही. दचकले की पळतात, आणि पळाले की संपलं."

"किती दिवस?"

"अर्धा उन्हाळा तरी."

ती गेल्यावर तोरगाइर कड्यावर बसून राहिला. आपले मोठे, भेगाळलेले हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते. दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिलेत असे.

काही न करणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ग्रासॉय बेटावर पहिले पिंजरे आले तेव्हा ते लाकडी होते, आणि तोरगाइर वीस वर्षांचा होता. त्याचे वडील समुद्रात कॉड मासे पकडणारे. "मासे पाळतात होय? उद्या लाटा पाळशील," असं म्हणून त्यांनी महिनाभर अबोला धरला होता. तोरगाइर मात्र रोज सकाळी वल्हवत जायचा, फावड्यानं खाद्य टाकायचा, फाटलेलं जाळं शिवायचा, वादळात दोर बांधायचा. पुढे पिंजरे मोठे झाले, मालक बदलत बदलत एका कंपनीचे झाले. खाद्य नळ्यांतून येऊ लागलं, पडद्यावर मासे दिसू लागले. तो मात्र तिथेच राहिला. त्याची बायको गुनवोर, ती होती तोपर्यंत, शेजारणींना सांगायची, "हा झोपेतही गाठी मारतो. माझी वेणी दोनदा पलंगाला बांधलीये यानं."

अशा माणसाला आता एकच काम होतं. शांतता राखायची.

ते त्यानं इतक्या मनापासून केलं की गावाला करमणूक झाली. मासेमारीच्या बोटी लांबून जाताना तो कड्यावर उभा राहून दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करी: हळू, हळू. कंपनीची मोठी नाव जाळं धुवायला आली, तिला त्यानं लांबूनच परत पाठवलं. एका पर्यटकानं पाण्यात उडी मारली, तेव्हा तोरगाइर त्याला इतक्या हळू आवाजात रागावला, की त्या बिचाऱ्याला वाटलं हा माणूस प्रार्थना करतोय.

दुकानात तो शिरला की कुणीतरी म्हणे, "श्श्! तोरगाइर आला. हळू बोला, बटाटे दचकतील."

"हसा, हसा," तोरगाइर म्हणायचा. पण मेलेल्या माशांची संख्या रोज थोडी थोडी कमी होत होती, आणि ते त्याला एकट्याला माहीत होतं. एका सकाळी काठाशी थांबलेल्यांपैकी काही मासे खाली उतरले आणि इतरांबरोबर गोल फिरू लागले. त्या दिवशी त्यानं दुकानात स्वतःहून म्हटलं, "बटाटे बरे आहेत." आणि लोक खूप हसले.

फक्त एक गोष्ट त्याला रात्री जागं ठेवत होती. सांक्तहान्सचा सण जवळ येत होता.

उन्हाळ्याच्या मध्यावर, जेव्हा सूर्य बुडतो न बुडतो तोच पुन्हा वर येतो, तेव्हा ग्रासॉयचे लोक समोरच्या खडकाळ बेटावर मोठी शेकोटी पेटवतात. आणि शेकोटीआधी लग्न लागतं. खरं नव्हे, मुलांचं. एक मुलगी नवरी, एक मुलगा नवरदेव. गावातली एक जुनी चांदीची टोपी नवरीच्या डोक्यावर ठेवतात आणि सगळ्या होड्यांची वरात निघते. पुढे नवरीची होडी, मागे बारा-पंधरा होड्या, इंजिनं फटफटतायत, अकॉर्डियन वाजतोय, आकाशात बंदुकीचे बार उडतायत. यंदाची नवरी होती तीरिल. गेल्या वर्षी तिला गोवर झाला म्हणून संधी हुकली, आणि पुढच्या वर्षी ती टोपी तिच्या डोक्यात बसणार नव्हती.

वरातीचा रस्ता एकच. समुद्रात घुसलेल्या स्कार्व टोकाला वळसा घालून, मधल्या अरुंद पाण्यातून. बाहेरच्या बाजूनं उघडा समुद्र होता. तिकडून लहान होड्या नेणं म्हणजे मुलांचे जीव धोक्यात घालणं. आणि स्कार्व टोकाच्या अगदी लगत, आडोशाला, तो आजारी पिंजरा होता.

तोरगाइर तीन वेळा मुलीच्या घरी गेला आणि तीन वेळा वाफल, म्हणजे गोड जाळीदार घावन, खाऊन परत आला. चौथ्यांदा गेला तेव्हा त्याची मुलगी हिल्दूर नवरीच्या झग्याची शिलाई करत होती आणि तीरिल टेबलावर उभी राहून टाचण्यांनी टोचून घेत होती.

"बाबा, तुम्ही काहीतरी सांगायला येताय आणि न सांगता जाताय," हिल्दूर तोंडात टाचण्या धरून म्हणाली. "दुखतंय का कुठे?"

"मला नाही दुखत."

तीरिल टेबलावरून त्याच्याकडे बघत होती. "मासे," ती म्हणाली. "आजोबा, माझ्या वरातीनं ते मरतील का?"

"मरतीलच असं नाही."

"पण दचकतील."

"हं."

"आणि दचकले की पळतील."

"हं."

पुढचं तिला माहीत होतं. ती टेबलावरून उतरली, अर्धवट शिवलेल्या झग्यातच आतल्या खोलीत गेली आणि दार इतक्या जोरात आपटलं की कपाटातल्या बशा वाजल्या. हिल्दूर उठायला लागली, पण तोरगाइरनं तिला हातानं थांबवलं.  बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"इंजिन नाही लावायचं. वल्ही मारत जायचं," तीरिल दारातूनच म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "चालेल?"

"चालेल."

"अकॉर्डियन?"

"बेटावर पोहोचल्यावर."

"आणि बार?"

"बेटाच्या पलीकडच्या बाजूला. तिथून इकडे कमी येतो आवाज."

"म्हणजे सगळ्यात गुपचूप नवरी मीच."

"तशी म्हणायला..." तोरगाइर दाढी खाजवू लागला. "हो. तशीच."

"ब्रागेला सांगावं लागेल," ती नाक पुसत म्हणाली. ब्रागे म्हणजे नवरदेव. तो तिच्याहून टीचभर बुटका होता, आणि होडीत सॉसेज खायला मिळाले तरच लग्न करीन, अशी त्याची अट होती. "तो खाताना फार आवाज करतो."

आता राहिलं गाव. युवक मंडळाच्या लाकडी सभागृहात कॉफीची किटली फिरत होती. तोरगाइर उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. एका दमात इतकं बोललेला तो गावानं कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे कंपनीच्या माशांसाठी आम्ही आमचा सण कुजबुजत करायचा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग पुढच्या वर्षी त्यांच्या वाढदिवसालाही बोलवा आम्हाला."

"मासे कंपनीचे आहेत," तोरगाइर म्हणाला. "घाबरतात ते त्यांचे ते. कंपनीला विचारून नाही घाबरत."

काही जण हसले, काही नाही. तेव्हा पहिल्या बाकावरून आन्फिन उठला. आन्फिन गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. ऐंशी उलटलेली, खांदा निखळून वाकडा बसलेला, आणि जिभेला धार. वरातीत नवरीच्या होडीमागची दुसरी होडी नेहमी त्याची.

"आमच्या लहानपणी इंजिन होतं कुठे रे?" तो म्हणाला. "वल्ही मारतच जायचो. आणि माझी बायको नवरी आणि मी नवरदेव झालो होतो, त्या वर्षी तर अकॉर्डियनवाला पिऊन घरीच पडला होता. तरी लग्न टिकलं. तुमची ती बाजाची लग्नं बघतोय मी किती टिकतात ते."

आता सगळेच हसले. गोष्ट जवळपास ठरली. पण तोरगाइर अजून उभाच होता.

"अजून एक आहे," तो म्हणाला. त्यानं आन्फिनकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "टोकापाशी ठोकायचं नाही."

किटली फिरायची थांबली.

ग्रासॉयची पोरं चालायला शिकतात तेव्हाच हेही शिकतात. स्कार्व टोकापाशी फार वर्षांपूर्वी, वसंतातल्या एका वादळात एक होडी बुडाली. त्यातलं कुणीही सापडलं नाही. तेव्हापासून टोकावरून जाणारा प्रत्येक माणूस होडीच्या कडेवर मुठीनं तीन थापा मारतो. हाक मारली तर ती वाऱ्यावर जाते. लाकडावर ठोकलं तर आवाज खाली पाण्यात उतरतो. खाली असलेल्यांना कळावं, की आम्ही जातोय, तुम्हाला विसरलो नाही. आणि खाली आवाज जावा म्हणूनच जे ठोकायचं, ते पाण्यातल्या माशांपर्यंत जाणारच. पिंजऱ्यावर कामाला येणारी माणसं दुसऱ्या बाजूनं येत. वरात मात्र टोकावरूनच जायची.

त्या बुडालेल्या होडीत आन्फिनचा थोरला भाऊ होता. सतरा वर्षांचा.

आन्फिननं कॉफीचा कप खाली ठेवला. "एक वर्ष," तो म्हणाला. "एक वर्ष ते समजून घेतील. तेही मासेवालेच होते."

सांक्तहान्सची संध्याकाळ निवळशंख होती. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. तोरगाइर स्वतः नवरीची होडी वल्हवत होता. समोर तीरिल चांदीची टोपी सावरत ताठ बसली होती आणि तिच्याशेजारी ब्रागे सॉसेज चावत नव्हता, नुसता तोंडात धरून होता, कारण तिनं तसं बजावलं होतं. मागे सगळं गाव. इतक्या होड्या, आणि आवाज फक्त वल्ह्यांवरून गळणाऱ्या पाण्याचा. काठावरच्या गवतात बायका उभ्या होत्या, त्याही काही बोलत नव्हत्या.

"आजोबा," तीरिल ओठ न हलवता म्हणाली, "हे बाजापेक्षा भारी आहे."

"शू."

"सगळे माझ्याकडे बघतायत."

"बघू देत. तू समोर बघ."

वल्हवणारा माणूस मागे तोंड करून बसतो, म्हणून तोरगाइरला मागच्या होड्या दिसत होत्या. दुसऱ्या होडीत आन्फिनचा नातू वल्ही मारत होता आणि म्हातारा मागच्या फळीवर, काळा कोट घालून बसला होता. टोक जवळ आलं. खडकावरचे काळे पक्षी पंख पसरून वाळवत होते. पिंजऱ्याचं कडं उजवीकडे सरकत आलं. 

आन्फिन खडकांकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. काही म्हणाला असेल, नावच असेल. आणि त्याचा हात उठला. तोरगाइरनं तो उठताना पाहिला आणि त्याला ओरडताही येईना, कारण ओरडायचं नव्हतं. हात खाली आला. ठक, ठक, ठक.

आणि मग जे झालं ते ग्रासॉयच्याच माणसांकडून होऊ शकतं. पहिली थाप ऐकली की उत्तर द्यायचं, हे त्यांच्या हाडांत होतं. तिसऱ्या होडीतून ठक-ठक-ठक. चौथीतून. मागच्या सगळ्या होड्यांतून, एकापाठोपाठ एक, म्हातारी माणसं, बाया, पोरं. कुणाचंही डोकं त्यात नव्हतं, फक्त हात होते. तोरगाइरचाही हात वल्ह्यावरून सुटला होता आणि मूठ वळलेली होती. आपण ठोकलं की नाही, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

पिंजऱ्यातलं पाणी फुटलं. खालून वर, काठापासून मध्याकडे, एकाच वेळी सगळे मासे पळाले. चंदेरी पाठी एकमेकींवर आदळल्या, काहींनी हवेत उड्या मारल्या आणि जाळ्यावर पडले. हे किती वेळ चाललं कोण जाणे. मग पाणी हळूहळू बसत गेलं, आणि तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपले हात काय करत होते.

 आन्फिन आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

बेटावर लग्न लागलं. अकॉर्डियन वाजला, आंबट सायीच्या लापशीवर साखर-दालचिनी भुरभुरली, शेकोटीच्या ज्वाळा गेल्या वर्षीपेक्षा उंच गेल्या असं सगळे म्हणाले. नवरी नाचली, कारण नवरीला नाचावंच लागतं. आन्फिन सगळ्यांपासून लांब एका दगडावर बसला होता आणि त्याच्या बशीतली लापशी गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीरिलनं हट्टच धरला, म्हणून तोरगाइर तिला बरोबर घेऊन गेला. हिल्दूरनं दोघांसाठी वाफल आणि थर्मास दिला. मेलेले मासे वर काढणं हे त्याच्या धंद्यातलं दिवसाचं पहिलं काम. तो लांब दांड्याच्या हातजाळीनं एकेक मासा वर घेई आणि कड्यावर ठेवलेल्या मोठ्या टबात सोडी. सावकाश, पाणी न ढवळता. मोठे मासे होते. शरदात विकायला जाणारे, अंगावर ओरखडासुद्धा नसलेले. एक टब भरला. त्यानं दुसरा ओढला.

"हे सगळे कालचेच?" तीरिलनं विचारलं.

"सगळे नाही. काही तसेही गेले असते."

"किती?"

"ते कुणाला सांगता येणार नाही."

तिनं टबात डोकावून पाहिलं. तिच्या कपाळावर टोपीच्या कडेचा लाल वळ अजून होता. "आन्फिन आजोबांनी केलं हे."

"पहिली थाप त्यांची. बाकीच्या सगळ्या गावाच्या."

"पण सुरुवात त्यांनी केली! तेच म्हणाले होते ना, एक वर्ष समजून घेतील म्हणून? मी इंजिन सोडलं, बाजा सोडला, बार सोडले. आणि त्यांना तीन थापा सोडवल्या नाहीत!" हे सगळं ती बोलत होती कुजबुजतच. "मी सांगणार आहे त्यांना. इथे आणून टब दाखवणार आहे."

तोरगाइरनं आणखी एक मासा वर घेतला. त्याला बरंच काही म्हणता आलं असतं. पण त्यातलं काहीही त्याला पुरतं खरं वाटेना. "सांग," तो म्हणाला. "त्यात खोटं काही नाही."

तेवढ्यात टोकाच्या पलीकडून एक होडी आली.

एकच होडी, आणि तिच्यात एकच माणूस. आन्फिनच्या होडीला इंजिन होतं. ते त्यानं पाण्याबाहेर उचलून ठेवलं होतं आणि तो वल्ही मारत होता. वाकड्या खांद्यानं. दर वल्ह्याला होडी थोडी तिरकी होई, मग तो ती सरळ करी. खडक जवळ आले तसा तो थांबला. त्यानं वल्ही आत घेतली. आणि मग त्या म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, त्यांवर घट्ट बसला, आणि प्रवाहानं होडी टोकावरून हळूहळू पुढे नेईपर्यंत तसाच बसून राहिला. तोंड खडकांकडेच होतं. टोक पूर्ण मागे पडल्यावर त्यानं हात काढले, झटकले आणि पुन्हा वल्ही धरली.

तीरिल हे सगळं बघत होती.

होडी जवळ येऊ लागली. लांबूनच, हलक्या आवाजात, आन्फिननं विचारलं, "तोरगाइर... कसे आहेत रे?"

तोरगाइर हातजाळी धरून उभा होता. त्यानं टबांकडे पाहिलं.

तीरिल उठली. तिनं भरलेल्या टबावर झाकण ओढलं, चारही कोपरे दाबून बसवले. दुसऱ्या टबाला झाकण नव्हतं. तिनं अंगातला पिवळा रेनकोट काढला आणि त्यावर पसरला. मग ती झाकणावर जाऊन बसली आणि वाफलचा डबा मांडीवर घेतला.

"या, आन्फिन आजोबा," ती मासे दचकणार नाहीत अशा आवाजात म्हणाली. "आईनं वाफल दिलेत. अजून गरम आहेत."

आणि थोडी सरकून तिनं झाकणावर आपल्या शेजारी त्यांना जागा केली.